नाउरू : खतासाठी खणलेले बेट

वर्गातल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात 'नाउरू' शोधायला सांगितले, तर मुलांचा बराच वेळ जाईल. बहुतेक नकाशांत ते सापडणारही नाही. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ५५ किलोमीटरवर हा ठिपका आहे. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. सर्वांत जवळचे शेजारी बेट बानाबा, तेही पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटर दूर. देशाला अधिकृत राजधानी नाही. सरकारी कचेऱ्या यारेन नावाच्या जिल्ह्यात आहेत. तरीही हा सार्वभौम देश आहे आणि १९९९ पासून संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद आहे.

आम्ही हे नाव पहिल्यांदा वाचले ते खतांवरच्या एका पुस्तकात, फॉस्फेट खडकाच्या साठ्यांच्या कोष्टकात. त्या कोष्टकापुरते नाउरू म्हणजे एक उत्तम प्रतीचा साठा होते. त्या साठ्यावर माणसे राहत होती, त्यांची स्वतंत्र भाषा होती, कुळे होती, मालकीच्या जमिनी होत्या, हे आम्हाला पुढे केव्हातरी कळले. भूगोल, रसायनशास्त्र आणि इतिहास हे तिन्ही विषय एकाच तासाला शिकवायचे असतील, तर नाउरूसारखे उदाहरण क्वचित मिळेल.

बेट कसे घडले?

समुद्रतळावरून वर आलेल्या एका ज्वालामुखीच्या माथ्यावर हे बेट उभे आहे. ज्वालामुखी थंडावला आणि पाण्याखाली गेला. त्याच्या माथ्यावर प्रवाळांनी पिढ्यान्‌पिढ्या चुनखडीचे थर रचले. पुढे हा प्रवाळी भाग समुद्रपातळीच्या वर आला. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते पाणी किंचित आम्लधर्मी असते. अशा पाण्याने चुनखडी झिजत गेली आणि पठारावर सुळके व त्यांच्यामध्ये खोल खळगे तयार झाले. या खळग्यांत कालांतराने फॉस्फेट साठले. ते प्रामुख्याने समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासून बनले असावे, असे मानले जाते. विष्ठेतले फॉस्फेट आणि चुनखडीतले कॅल्शियम यांच्या संयोगातून कॅल्शियम फॉस्फेटचा खडक तयार होतो.

बेटाचे दोन भाग सहज दिसतात. भोवताली नारळांनी भरलेला सखल, सुपीक किनारपट्टा आणि मध्ये उंच पठार. पट्ट्याची रुंदी साधारण १५० ते ३०० मीटर. बेटाला वळसा घालणारा रस्ता सुमारे १९ किलोमीटरचा. सकाळी चालायला लागलो तर दुपारच्या जेवणाला परत. आता मुलांना एक गणित घालता येईल. पट्ट्याची सरासरी रुंदी ०.२ किलोमीटर धरली तर त्याचे क्षेत्रफळ किती? १९ गुणिले ०.२, म्हणजे जेमतेम ४ चौरस किलोमीटर. उरलेले १७ चौरस किलोमीटर, म्हणजे बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग, पठाराचा. हा अपूर्णांक लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

बेटावर नदी नाही. पाऊस भरपूर पडतो, पण भरवशाचा नाही. ला निनाच्या काळात महिनोन्‌महिने अवर्षण पडते. नैऋत्य भागात बुआडा नावाचे एक तळे आहे, तोच काय तो जमिनीवरचा मुख्य जलाशय.

बारा कुळांचे लोक

सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी इथे माणूस पोचला असे मानले जाते. नाउरूची भाषा मायक्रोनेशियन गटातली आहे. समाजाची बारा कुळे आणि मूल आईच्या कुळाचे. देशाच्या निळ्या झेंड्यावर विषुववृत्ताची पिवळी रेघ आहे आणि तिच्या खाली पांढरा तारा. त्या ताऱ्याला बारा टोके आहेत, ती या बारा कुळांची.

नारळ, आपल्या केवड्याच्या जातकुळीतल्या पँडॅनसची फळे आणि मासे हे मुख्य अन्न. मत्स्यपालनाची त्यांची रीत विज्ञानशिक्षकांना आवडेल. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात मिल्कफिश माशाची पिले पकडायची, त्यांना हळूहळू कमी खारट पाण्याची सवय लावायची आणि मग बुआडा तळ्यात सोडून वाढवायची. पाण्यातल्या क्षाराचे प्रमाण बदलले तरी हा मासा जगतो. हे ज्ञान तिथल्या लोकांनी निरीक्षणातून मिळवले होते आणि कोणत्या कुटुंबाचा तळ्यातला हिस्सा कोणता, हेही ठरलेले होते. फ्रिगेट पक्षी पकडून माणसाळवणे हा त्यांचा मानाचा खेळ; देशाच्या राजचिन्हावर तो पक्षी आजही आहे.

१७९८ मध्ये जॉन फर्न हा ब्रिटिश कप्तान या बाजूने गेला. हिरवेगार बेट पाहून त्याने त्याला 'प्लेझंट आयलंड' म्हणजे 'रम्य बेट' असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात देवमाशांची शिकार करणारी जहाजे अन्नपाण्यासाठी इथे थांबू लागली. बदल्यात बंदुका आणि दारू आली. १८७८ मध्ये कुळांमध्ये यादवी पेटली आणि दहा वर्षे चालली. सुमारे १४०० लोकांपैकी ९०० च्या आसपास उरले. १८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेतले आणि बंदुका जप्त केल्या.

दाराशी पडलेला दगड

सिडनीतल्या पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कचेरीत दार अडवायला एक दगड ठेवलेला असे. नाउरूहून आणलेला तो दगड म्हणजे अश्मीभूत लाकूड आहे, अशी समजूत होती. तिथे काम करणाऱ्या आल्बर्ट एलिसला शंका आली. १८९९ च्या सुमारास त्याने त्याचा तुकडा तपासला, तर तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट खडक निघाला.

या शोधाला एवढे महत्त्व का आले? पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश लागते हे आपल्या शेतकऱ्यालाही पाठ असते. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. ऑस्ट्रेलियातल्या फार जुन्या, झिजलेल्या जमिनींत आणि न्यूझीलंडच्या अनेक कुरणांत तो कमी पडत होता. फॉस्फेट खडक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो दळून त्यावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की विरघळणारे सुपरफॉस्फेट मिळते आणि पिकाच्या मुळांना ते घेता येते. त्या दोन देशांतला गहू, लोकर आणि लोणी यांच्यामागे नाउरूच्या खडकाचा मोठा वाटा आहे.

१९०६-०७ मध्ये खाणकाम सुरू झाले. सुरुवातीला जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी मिळे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच, १९१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाने बेट घेतले. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी करार करून फॉस्फेट वाटून घेतले : ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२ टक्के, न्यूझीलंड १६ टक्के. माल जागतिक बाजारभावाने न विकता उत्पादनखर्चाच्या हिशोबाने या देशांच्या शेतकऱ्यांना दिला जाई. राष्ट्रसंघाने हे बेट या तिघांकडे सोपवले होते ते तिथल्या लोकांच्या हितासाठी. विश्वस्त आणि गिऱ्हाईक मात्र एकच होते.

पंधराशे माणसे

१९२० च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अनेक नाउरूवासी दगावले. एक समाज म्हणून टिकायचे तर किमान १५०० माणसे हवीत, असा विचार पुढे आला. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी एक मुलगी जन्मली आणि ती संख्या पूर्ण झाली. तो दिवस 'अंगाम' म्हणून आजही साजरा होतो. लोकसंख्यावाढीची चिंता ऐकत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना एका जन्मासाठी सण करणारा देश जरूर सांगावा.

हे समाधान फार टिकले नाही. १९४२ मध्ये जपानी सैन्याने बेट घेतले आणि १९४३ मध्ये १२०० नाउरूवासीयांना दूरच्या ट्रुक बेटांवर मजुरीसाठी नेले. उपासमार, रोगराई आणि बाँबहल्ले यांतून ७३७ जण वाचले. ते ३१ जानेवारी १९४६ रोजी मायभूमीला परतले. पंधराशेचा आकडा पुन्हा गाठायला १९४९ साल उजाडले.

खाणकाम परत सुरू झाले. फॉस्फेट संपल्यावर हे लोक राहणार कुठे, असा प्रश्न उभा राहिला. ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगतचे कर्टिस बेट देऊ केले. पण तिथे ऑस्ट्रेलियाचे नागरिक म्हणून राहावे लागले असते. नाउरूचे म्हणून वेगळे राज्य उरले नसते. १९६४ मध्ये हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली नाउरूने नकार दिला. ३१ जानेवारी १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. ट्रुकहून परतण्याचीच तारीख त्यांनी मुद्दाम निवडली होती. डीरोबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

श्रीमंती आणि तिचा हिशोब

खाणी आता नाउरूच्या मालकीच्या झाल्या. १९७० च्या दशकात दरडोई उत्पन्नात हा देश जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणला जाई. मेलबर्नमध्ये ५२ मजल्यांचे 'नाउरू हाउस' उभे राहिले, स्वतःची विमानसेवा सुरू झाली. पण गुंतवणुकी फसल्या, खर्च आवरला नाही, खडक संपत आला. २००४ मध्ये नाउरू हाउस कर्जापायी विकावे लागले. २००१ पासून, मध्ये २००८ ते २०१२ एवढा खंड सोडता, ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्यांना ठेवून घेण्याची छावणी आणि तिच्यापोटी मिळणारा पैसा हा उत्पन्नाचा मोठा आधार झाला.

आहारही बदलला. मासे आणि नारळ यांच्या जागी डबाबंद मांस, पांढरा तांदूळ आणि साखर आली. १९७० च्या दशकातल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह आढळला. उपासमारीतून टिकून राहिलेल्या लोकांची जनुके ऊर्जा चरबीच्या रूपात साठवण्याकडे कललेली असावीत, असे एक गृहीतक मांडले गेले. ते अजून वादग्रस्त आहे. मात्र खाणे आणि हालचाल यांतला बदल डोळ्यांना दिसणारा होता.

आता मघाचा अपूर्णांक आठवू. बेटाच्या सुमारे चार पंचमांश भागावर खाणकाम झाले. सुळक्यांमधले फॉस्फेट उपसून नेल्यावर मागे उरले ते पंधरा मीटरपर्यंत उंचीचे, करड्या चुनखडीचे सुळके. तिथे पीक येत नाही, घर बांधता येत नाही, चालणेही अवघड. बहुतेक लोक किनारपट्ट्यावर राहतात.

या जमिनीची भरपाई कोणी करायची? श्रीलंकेचे कायदेपंडित सी. जी. वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली नाउरू सरकारने १९८६ मध्ये चौकशी आयोग नेमला. त्यानंतर १९८९ मध्ये नाउरूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावला. काही हजार लोकांच्या देशाने आपल्या जुन्या विश्वस्ताला कोर्टात खेचले होते. न्यायालयाने १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे बहुतेक प्राथमिक आक्षेप फेटाळले आणि १९९३ मध्ये तडजोड झाली. ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खणलेल्या जमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश स्वातंत्र्यापूर्वीची. तेवढ्याचाच दावा होता. उरलेली जमीन नाउरूने स्वतःच्या निर्णयाने खणली. म्हणून ही गोष्ट 'लुटारू परके आणि भोळे बेटवासी' अशी सांगितली तर अपुरी राहते. 'अचानक श्रीमंत झालेले उधळे लोक' अशी सांगितली तर ती अन्यायाची होते. शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी आखलेल्या मार्गाखेरीज उत्पन्नाचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे किती होता, हे विचारल्याशिवाय निवाडा करू नये.

हा प्रश्न शिळाही झालेला नाही. खोल समुद्रतळावर निकेल, कोबाल्ट असलेले मँगनीजचे गोळे पसरलेले आहेत. ते काढण्याचे नियम लवकर ठरवावेत म्हणून २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मुदतीची सूचना देणारा देश नाउरूच होता.

वर्गात हा पाठ घेताना आम्ही मुलांना एवढेच विचारू : नाउरूचे पठार आज कुठे आहे? ते गव्हात, गवतात, गाईच्या दुधात आणि हाडांत गेले. काही मातीत अडकले, बरेचसे पाण्याबरोबर समुद्रात वाहून गेले. नत्र हवेतून परत मिळवता येते. स्फुरदाला तसा हवेतला मार्ग नाही. समुद्रतळाशी गेलेला स्फुरद खडक होऊन वर यायला भूशास्त्रीय काळ लागतो. आपल्या गावच्या कृषी सेवा केंद्रातल्या सुपरफॉस्फेटच्या गोणीतही कुठल्यातरी खाणीतलाच खडक असतो. ती खाण कुठली, तिथे कोण राहते आणि त्यांना काय मिळाले, हे शोधून आणायला मुलांना सांगावे.