तीर्थनमधला पाहुणा मासा

‘सरजी, मक्खी नहीं, डोरी फेंकिए,’ गाइडनं सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात, गुशैनी गावाजवळ, आम्ही तीर्थन नदीत गुडघाभर पाण्यात उभे होतो. महिना एप्रिलचा. पाणी इतकं गार की पोटऱ्या बधिर झालेल्या. मत्स्य विभागाचा एका दिवसाचा परवाना माझ्या खिशात होता, आणि माझी दोरी पुन्हा मागच्या झुडपात अडकली होती.

मी लहानपणी पाहिलेला गळ साधा होता. काठी, दोरा, शिशाचा तुकडा आणि गांडूळ. शिशाच्या वजनानं गळ लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे आकड्यावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन जवळपास नसतंच. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे सोडायची. मला ते थांबणंच जमत नव्हतं.

अकराच्या सुमारास एकदाचा मासा लागला. वीतभर लांबीचा, पिवळसर तपकिरी, अंगावर फिकट कड असलेले लाल ठिपके. गाइडनं आधी स्वतःचे हात पाण्यात ओले केले (कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो), मग आकडा अलगद काढला. ‘हमारी ब्राउन ट्राउट,’ तो कौतुकानं म्हणाला आणि मासा सोडून दिला.

‘हमारी’ हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. कारण ट्राउट हिमालयातली नाही. ती युरोपातली.

तिला इथवर आणायला साहेबांनी बराच खटाटोप केला. थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या अधिकाऱ्यांना डोंगर दिसत होते, नद्या दिसत होत्या, पण घरच्या नदीतला मासा नव्हता. अडचण प्रवासाची होती. जिवंत ट्राउट उष्ण कटिबंधातून आणणं अशक्य, म्हणून फलित अंडी आणायची. थंडीत अंड्यांची वाढ मंदावते, त्यामुळे ती ओल्या शेवाळात ठेवून बर्फाखाली रचायची. 1864 मध्ये याच पद्धतीनं ‘नॉरफोक’ जहाजातून टास्मानियासाठी अंडी पोचली. भारतात त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टर-मत्स्यशास्त्रज्ञानं निलगिरीसाठी प्रयत्न केला होता, तो फसला. काश्मीरसाठी 1899 मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डनं पाठवलेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली खेप मात्र जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारा फ्रँक मिचेल हा या उद्योगातला मुख्य माणूस. पुढे 1909 मध्ये हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं काश्मीरमधून अंडी कुल्लूला आणवली, बियास नदीजवळ महिली इथे हॅचरी उभी राहिली, आणि इथल्या नद्यांत ट्राउट पसरली.

इथवरची गोष्ट चिकाटीची आहे. पण नद्या रिकाम्या नव्हत्या. त्यांत आधीपासून एक मासा होता. इंग्रजांनी त्याला ‘स्नो ट्राउट’ म्हटलं, खरं तर तो ट्राउट नव्हेच. तो आपल्या रोहूच्या कुळातला. पाहुण्याचं नाव यजमानाला चिकटलं ते असं. ब्राउन ट्राउट शिकारी मासा. लहान मासे खातो, जागा बळकावतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा 100 परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि स्नो ट्राउटची इथली प्रजाती आज संकटाच्या वाटेवर असलेल्यांत मोजली जाते. दोष एकट्या ट्राउटचा नाही. बेसुमार मासेमारी आहे, धरणं आहेत.

हे सगळं मी जेवताना गाइडला ऐकवलं. मला वाटलं, तो चकित होईल. तो शांतपणे पराठा खात राहिला आणि म्हणाला, ‘सरजी, इसी मछली ने नदी बचाई है.’

ते खरं होतं. बियासच्या खोऱ्यात एकामागून एक जलविद्युत प्रकल्प आले. तीर्थनवरही छोटे प्रकल्प येऊ घातले होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांच्या पुढाकारानं गावकरी त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि प्रकल्प रद्द झाले. वाहत्या नदीच्या बाजूनं जे मुद्दे मांडले गेले, त्यांत ट्राउट हा एक मोठा मुद्दा होता. पाणी बोगद्यात वळवलं तर ट्राउट जाईल, तिच्यासाठी येणारे लोक जातील, त्यावर चालणारी घरं जातील. साहेबाच्या करमणुकीसाठी आणलेला मासा शंभर वर्षांनी गावाच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला.

माझ्या कामात असा जुना कोड भेटतो. लिहिणारा केव्हाच निघून गेलेला, हेतू भलताच, पण आता निम्मी यंत्रणा त्यावर उभी. तो चुकीचा आहे हे म्हणायला सोपं असतं. पण कोडला माघारी नेता येतं, नदीला नाही. आणि माझ्या कोडखाली कोणी आधीपासून राहत नसतं.

‘मग तुमचा जुना मासा?’ मी विचारलं. वडिलांच्या लहानपणी तो टोपलीभर मिळायचा, आता कमी झाला, असं तो म्हणाला. मग मला एका संथ डोहाकडे घेऊन गेला. काठावर पालथं पडून आम्ही पाण्यात पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं तळाच्या दगडांवर दोन करड्या सावल्या हलल्या. स्नो ट्राउटचं तोंड खालच्या बाजूला असतं, तो दगडांवरचं शेवाळ खरवडून खातो. माशीवर झेप घेणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणूनच त्याच्या मागे कोणी शौकीन लागला नाही, त्याच्यासाठी कोणी परवाना काढला नाही.

माझा रॉड तिथे कामाचा नव्हता. तो बाजूला ठेवून मी आणखी थोडा वेळ पडून राहिलो.