बारा वर्षांच्या मुलाचा धर्म कोण ठरवतं?

१८४३ साल. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एक मुलगा उभा आहे. नाव श्रीपत शेषाद्री, वय साधारण बारा. एका बाजूला त्याचे वडील, दुसऱ्या बाजूला स्कॉटिश मिशनरी. श्रीपत मिशनच्या शाळेत शिकत होता आणि काही दिवस मिशनऱ्यांच्याच घरी राहत होता. त्याचा मोठा भाऊ नारायण नुकताच ख्रिस्ती झाला होता आणि श्रीपतलाही भावाच्याच वाटेने जायचं होतं. वडील म्हणत होते, हे पोर आहे, त्याला काय कळतं? मिशनरी म्हणत होते, त्याला कळतं, त्यालाच विचारा.

न्यायमूर्ती एर्स्किन पेरी यांनी मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण खरी अडचण घरी गेल्यावर सुरू झाली. श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, म्हणजे तो 'बाटला' होता. त्याला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर पुण्या-मुंबईत वाद पेटला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन मुलाला घरात घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. अनेक शास्त्र्यांचा त्याला कडाडून विरोध होता. कोर्टाने ज्या मुलाला घरी पाठवलं, त्या मुलाला घर आपलं म्हणायला तयार नव्हतं. एवढ्या गदारोळात त्या बारा वर्षांच्या पोराला नेमकं काय हवं होतं, हा प्रश्न मागेच पडला.

मुलांना श्रद्धा शिकवायची, चांगलं-वाईट समजावून द्यायचं, हे सगळ्याच धर्मांत चालतं. आजी संध्याकाळी शुभंकरोति म्हणायला बसवते तेव्हाही तेच चालू असतं. पण महाराष्ट्र आणि गोव्यातल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा इतिहास वाचताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : आपण मुलाला उत्तर शिकवतोय, की निवड करायला शिकवतोय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या लोकांना फार किंमत मोजून कळलं.

त्यासाठी सव्वादोनशे वर्षं आणखी मागे, गोव्यात जावं लागेल.

गोव्यातल्या साष्टी भागातलं एक चर्च. रविवारची दुपार. मुलांना 'दौत्रिना' म्हणजे ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वं शिकवली जात आहेत. पद्धत अशी की, शिकवणाऱ्याने प्रश्न विचारायचा आणि मुलांनी ठरलेलं उत्तर म्हणायचं. तेवढ्यात एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो : हे शिकवता ते ठीक आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं काहीतरी नको का?

हा प्रसंग फादर थॉमस स्टीफन्सने आपल्या ग्रंथातच सांगितला आहे. स्टीफन्स मूळचा इंग्लंडचा. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जे लिहिलं गेलं ते 'ख्रिस्तपुराण' : जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, आपल्या पुराणांच्या घाटात. १६१६ मध्ये तो ग्रंथ रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. मराठी भाषेच्या प्रेमाने लिहिलेला म्हणून आपण तो आजही आठवतो. पण त्याची सुरुवात मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात झाली, हे सहसा कुणी सांगत नाही. घोकलेली उत्तरं पुरत नाहीत, माणसाला गोष्ट लागते, हे स्टीफन्सला त्या वर्गात कळलं.

त्याने प्रश्नोत्तरांची पोथीही लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये छापली गेली. मूळ पोर्तुगीज पोथी मुलांना संवादातून शिकवण्यासाठी तयार केलेली होती, तिची ही कोंकणी आवृत्ती. म्हणजे एकाच माणसाने दोन्ही केलं. पाठ करायला पोथी दिली आणि ऐकत राहायला पुराण दिलं.

पण त्याच गोव्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने हुकूम काढला होता : आई-वडील आणि आजी-आजोबा नसलेल्या बिगरख्रिस्ती मुलांना सरकारने ताब्यात घ्यावं आणि ख्रिस्ती म्हणून वाढवावं. ज्याचं आपलं म्हणायला कुणी उरलं नाही, त्याचा धर्म राजा ठरवणार. त्या मुलाला कुणी काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. साष्टीतल्या वर्गात किमान एका मोठ्या माणसाने प्रश्न विचारला. या मुलांना तेवढीही मुभा नव्हती.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी पुन्हा आले. यावेळी ते प्रामुख्याने स्कॉटलंड आणि अमेरिकेतले प्रॉटेस्टंट होते आणि त्यांच्या हातात हुकूमनाम्यापेक्षा शाळा होत्या. शाळेत इंग्रजी मिळत होतं, गणित-भूगोल मिळत होता आणि सोबत बायबलचा तास होता. पालकांना पहिल्या गोष्टी हव्या होत्या, शेवटची नको होती. मुलं मात्र तिन्ही ऐकत होती.

१८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी यांनी, बाप्तिस्मा घेतला. मुंबई हादरली. धनजीभाईचं प्रकरण कोर्टात गेलं. तो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. कोर्टाने ठरवलं की त्याला कळतं, त्याने हवं तिथे जावं. तो मिशनऱ्यांबरोबर गेला. शाळेतली बाकं भराभर रिकामी झाली. चारच वर्षांनी त्याच कोर्टाने श्रीपतला वडिलांकडे दिलं. सोळाव्या वर्षी 'हो' खरं आणि बाराव्या वर्षी 'हो' खोटं. कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ती रेघ मुलाच्या मनात कुठे असते, हे कुणाला सांगता येणार?

याच मिशनऱ्यांच्या एका नियतकालिकात एका मुलीने वेगळंच काहीतरी करून दाखवलं. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू केलं होतं. १८५५ मध्ये त्यात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असं तिने थेट देवालाच विचारलं. तिने कुणाचा धर्म घेतल्याचं त्या निबंधात नाही. तिने आधी प्रश्न नीट मांडला. मुलांना चांगला निर्णय घ्यायला शिकवणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

मग पंडिता रमाबाई. स्वतः त्या १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बालविधवा आणि मुली तिथे शिकत. अट होती की मुलींना धर्म शिकवायचा नाही. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. रमाबाईंनी धर्माचा तास घेतला नाही. पण त्या स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या.

उघडं दार म्हणजे शिकवणं की नाही? पुण्याने उत्तर दिलं : हो. 'केसरी'तून टीकेची झोड उठली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावलं नाही, पण माझं दार मी का बंद करू? दोन्ही बाजूंत तथ्य होतं. ज्या बाईने आपल्याला वाचायला शिकवलं, ती रोज कुठे गुडघे टेकते हे मुलगी बघतेच. त्यासाठी तास घ्यावा लागत नाही. तरीही बघणाऱ्या सगळ्याजणी त्याच वाटेने गेल्या नाहीत. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे राहून शिकल्या, हिंदूच राहिल्या आणि १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. दार उघडं होतं. त्यातून कुठे जायचं, ते त्यांनी स्वतः ठरवलं.

पुढे दुष्काळात रमाबाईंनी शेकडो उपाशी मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आणलं. तिथे ख्रिस्ती शिक्षण उघडपणे दिलं जाई. त्या मुली जगल्या, हे आधी म्हणायला हवं. पण जिने तुला भाकरी दिली, तिच्या देवाला 'नाही' म्हणणं सोपं नसतं, हेही खरं आहे. हा प्रश्न फक्त ख्रिस्ती संस्थांपुरता नाही. जिथे जिथे उपाशी मुलासमोर ताट आणि प्रार्थना एकत्र येते, तिथे तो असतो.

या सगळ्यात मला सर्वात जवळचं वाटतं ते एक घर. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. बायकोला आधी सांगितलं नव्हतं. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पदरात लहान दत्तू होता. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सारं हसत-रडत लिहिलं आहे. काही काळाने त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, पण आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवून. टिळकांनी घाई केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, असं एके दिवशी लक्ष्मीबाईंचं त्यांनाच उमगलं. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. टिळकांच्या धर्मांतराला तोवर सुमारे पाच वर्षं होऊन गेली होती.

म्हणजे दत्तू लहानपणी अशा घरात वाढला, जिथे आई-बाबांचा देव वेगळा होता आणि तरी घर मोडलं नव्हतं. तोच पुढे देवदत्त टिळक म्हणून लेखक झाला. मुलाला सहिष्णुता शिकवायला कोणतं पुस्तक याहून बरं?

टिळकांना आपण फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. शाळेत त्यांची पक्ष्यावरची कविता वाचताना बहुतेकांचा गळा दाटतो. त्या पक्ष्यासाठी हळहळताना कवी कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारत नाही. त्यांनी चर्चमध्ये अभंग आणले, कीर्तन आणलं, टाळ आणले. परक्या चालीतली गाणी म्हणणाऱ्या मराठी ख्रिस्ती मुलांना त्यांच्यामुळे घरच्या चालीत देवाशी बोलता येऊ लागलं. साष्टीतल्या त्या रविवारी मागितलेलं मागणं जवळजवळ तीनशे वर्षांनी पुन्हा एकदा पुरं झालं.

आजही वसईपासून अहमदनगरपर्यंत दर रविवारी संडेस्कूल भरतं. अनेक चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, पण जाणतं झाल्यावर दृढीकरणाच्या वेळी त्याला स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणावं लागतं. आई-वडिलांनी दिलेलं उत्तर पुरेसं नाही, हे त्या विधीतच गृहीत धरलेलं आहे.

आणि देशाच्या पातळीवर? राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसायची सक्ती करता येणार नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. वाचताना मला श्रीपत आठवतो. शंभरेक वर्षांनी कायद्याने मिशनरी आणि राजा या दोघांनाही दाराबाहेर थांबवलं, पण मुलाच्या वतीने बोलायचा हक्क अजूनही पालकाकडेच ठेवला.

त्यात गैर काही नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या वतीने कुणीतरी बोलावंच लागतं. फक्त बोलण्याआधी एकदा त्याला विचारायला हवं. १८४३ मध्ये त्याच्यावरून कोर्ट भांडलं, शास्त्री भांडले, वर्तमानपत्रं भांडली. त्याला जातीत घेण्यासाठी झटणारे बाळशास्त्री तीनच वर्षांत वारले. भाऊ नारायण पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवून नावारूपाला आला.

श्रीपतचं नाव मात्र आपल्याला आठवतं ते एका खटल्यापुरतं.