जीपच्या स्टेअरिंगमधील खेळ : जालना परिसरातील एक दुरुस्ती आणि तिची भाषा

यंत्रे कोणी निर्माण केली याची नोंद इतिहासात होते. ती कोणत्या भाषेत दुरुस्त झाली याची सहसा होत नाही. जुन्या जीपगाडीच्या स्टेअरिंगचा ढिलेपणा काढण्याचे काम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. या कामात वारंवार घडणारी एक चूक यंत्रातून नव्हे, तर शब्दातून उद्भवते, आणि ती टाळण्याचे साधनही कारागिराच्या बोलीतच सापडते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील प्रदेश घेऊन निर्माण झाला. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग १९०० साली येथून गेला आणि १९३२ मध्ये त्याच संस्थानी रेल्वेने मोटारवाहतुकीचे खाते उघडून स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या गाड्या रस्त्यावर आणल्या. संस्थानची राजभाषा उर्दू. त्यामुळे मोटारीच्या धंद्याचा शब्दसंग्रह येथे इंग्रजीतून थेट न येता बराचसा उर्दूच्या उंबरठ्यावरून आत आला. ‘उस्ताद’ आणि ‘पेचकस’ हे फार्सी वळणाचे. ‘मिस्त्री’ मात्र पोर्तुगीज, म्हणजे त्याहून दूरचा प्रवासी. इंग्रजी शब्दाच्या आरंभी ‘स्ट’ हे जोडाक्षर आले की त्यापूर्वी ‘इ’ लावावयाची या बोलीची सवय सर्वांच्या परिचयाची आहे. ‘इस्टेशन’ तसे ‘इस्टेरिंग’. ग्रंथकारांनी पसंत केलेला ‘सुकाणू’ हा शब्द मूळचा अरबी, समुद्रावरून आलेला. गोदावरीच्या खोऱ्यात त्याला कारखान्याचे दार काही उघडले नाही. यात बोलीचा दोष आहे असे मला वाटत नाही.

जीपची कथा थोडक्यात सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्र अँड महिंद्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत विलीज जीपची जोडणी मुंबईत हाती घेतली. पुढे सीजे-३बी हा नमुना कित्येक वर्षे देशात होत राहिला. काळ्या मातीच्या, पावसाळ्यात चाकोऱ्यांनी फाटणाऱ्या रस्त्यांना ही गाडी मानवली. परंतु त्याच चाकोऱ्यांनी तिच्या सांध्यांची झीजही घडवून आणली.

मराठीत ‘स्टेअरिंग’ म्हणजे हातात धरावयाचे चक्र. इंग्रजीत ती क्रिया आणि तिची सर्व यंत्रणा. आपण हाताला लागणाऱ्या एका अवयवाला साऱ्याचे नाव दिले. चालक ‘स्टेअरिंग लूज झाले’ अशी तक्रार करतो तेव्हा त्याच्या हाताची प्रचीती खरी असते, पण शब्द दोषाचे स्थान हाताजवळच दाखवितो. नवशिका त्या शब्दाच्या मागे जातो, चक्राच्या दांड्याखालील पेटी गाठतो आणि तिचा स्क्रू कसतो. वस्तुतः जुन्या जीपमध्ये पेटीपासून चाकापर्यंतचा मार्ग लांब आहे. पेटीतून निघालेला पिटमन आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो. ती पुढच्या आडव्या तुळईवरील बेल क्रँक फिरविते. बेल क्रँकपासून दोन टाय रॉड दोन्ही चाकांकडे जातात. प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज असली, तरी सर्वांची बेरीज चक्रावर चांगली मोठी होते. बेल क्रँकच्या खुंटीवरील बेअरिंग तर विशेष झिजते, आणि चक्रावर बसलेल्याला ते दिसत नाही.

म्हणून जाणता मिस्त्री प्रथम पाना उचलत नाही. गाडी सपाट जागी उभी करून एकाला चक्र डावी-उजवीकडे किंचित हलवावयास सांगतो आणि स्वतः खाली निजून एकेक सांधा पाहतो. ज्या सांध्यात हालचाल शिरते पण पलीकडे निघत नाही, तेथे दोष. मग पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावयाचे. ते हलले तर दुसऱ्याने ब्रेक दाबावा. हालचाल थांबली तर चाकाचे बेअरिंग ढिले, न थांबली तर किंगपिनचे. किंगपिनच्या बेअरिंगखाली पातळ शिमा असतात. त्या कमी केल्या की सांधा घट्ट होतो. ड्रॅग लिंकच्या टोकातील बूच पूर्ण आवळून थोडे मागे घ्यावयाचे आणि नवी स्प्लिट पिन घालावयाची. ही पिन जुनीच वाकवून बसविणे म्हणजे चार आण्यांसाठी जीव टांगणीस लावणे होय.

‘थोडे मागे घ्यावयाचे’ या कृतीत सर्व मर्म आहे. कारागीर ‘लूज’ आणि ‘प्ले’ हे दोन शब्द वेगळे ठेवतो: लूज म्हणजे दोष, प्ले म्हणजे सांध्याला फिरण्यासाठी ठेवलेली, मोजून दिलेली मोकळीक. ‘ढिलेपणा’ या एकाच शब्दाने दोन्ही अर्थ भागविणाऱ्या भाषांतरकाराने हा भेद पुसून टाकला आहे. वास्तविक मराठीला परक्या दारी जाण्याचे कारण नव्हते. खेळती हवा, खेळते भांडवल, खेळते पाणी यांत ‘खेळणे’ म्हणजे मोकळेपणाने हालणे हाच अर्थ आहे, आणि इंग्रजी शब्दातील रूपकही तेच. बैलगाडीचा तुंबाही आसावर असाच खेळता असावा लागतो, नाहीतर वंगण असूनही चाक जड जाते. मात्र बैलगाडी वळते ती कासऱ्याने, बैलांच्या अंगाने. सुकाणूची यंत्रणा तिच्यात नाही. म्हणूनच बहुधा तिची जुनी परिभाषा मोटारीच्या या भागापर्यंत पोहोचली नाही, आणि ‘प्ले’ उसना घ्यावा लागला.

पेटीची पाळी शेवटी. ड्रॅग लिंक सोडवून, प्रथम दांड्याच्या बेअरिंगचा उभा खेळ शिमांनी काढावयाचा. त्यानंतर बाजूच्या झाकणावरील स्क्रू, तोही चक्र बरोबर मध्यावर, म्हणजे चाके सरळ असतील त्या स्थितीत आणून. रॉस पद्धतीच्या या पेटीतील कॅमची खाच मध्यावर मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ जाते आणि तेथे खेळ कमीत कमी हवा. चक्र टोकाला वळविलेले असताना स्क्रू कसला तर तेथे ठीक वाटते. मध्यावर आल्यावर खुंट्या खाचेत आवळतात आणि वळण संपल्यावर चक्र आपण होऊन परत येत नाही. अशी गाडी कारखान्याच्या अंगणात घट्ट भासते. जालन्याहून अंबडच्या वाटेवर, समोरून ट्रक आल्यावर, चालकाला ती ओढून सरळ करावी लागते.