कळवणची लांबी किती?

मंडळी, नाशिक जिल्ह्यातल्या 'कळवण' या नावात अक्षरं किती? चार. शाळेतलं पोरगंही सांगेल. पण पायथन २ मध्ये यूटीएफ-८ची साधी स्ट्रिंग देऊन विचारलं, तर उत्तर यायचं १२!

कारण सोपं आहे. तिथली साधी स्ट्रिंग म्हणजे नुसती बाइट्सची रांग. यूटीएफ-८मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी चिन्हाला तीन लागतात. पहिले चार बाइट कापून घेतले, तर हाती अख्खा 'क' आणि 'ळ'चा एक तुकडा.

खरं तर देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि तिची मांडणीही आपल्याच १९८८ च्या 'इस्की' मानकावरून घेतलेली. पायथनमध्ये युनिकोड स्ट्रिंग आली २००० साली, २.० आवृत्तीत, आराखडा मार्क-आंद्रे लेम्बुर्ग यांचा. पण जुना कोड मोडू नये म्हणून जुनी आणि नवी, दोन्ही स्ट्रिंग शेजारी शेजारी नांदू दिल्या. दोन्ही एकत्र जोडल्या की भाषा बाइट्सना गुपचूप आस्की समजायची.

गोम इथेच होती. इंग्रजी नावं घालून चाचणी केली की सगळं सुरळीत. देवनागरीतलं कळवण आलं की प्रोग्राम कोसळला! म्हणजे चूक लिहिणाऱ्याला दिसायचीच नाही, थेट मराठी वापरणाऱ्याच्या पदरात पडायची.

शेवटी डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ने घाव घातला: मजकूर वेगळा, बाइट्स वेगळे, आपोआप सरमिसळ बंद. जुना कोड मोडला, कुरकुर झाली, आणि पायथन २चा अधिकृत आधार संपायला २०२० उजाडलं. पण कळवणची लांबी चार झाली.

झालं का मग? कळवण तालुक्यातल्याच गडाचं नाव घ्या: सप्तशृंगी. आपल्या लेखी अक्षरं चार: स, प्त, शृं, गी. पायथन ३ आजही नऊ मोजतं, कारण ते मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं धरतं. वाचणाऱ्याचं 'अक्षर' ओळखायचे नियम युनिकोडमध्ये वेगळे आहेत, आणि त्यातही 'प्त'सारखं देवनागरी जोडाक्षर एकच धरायचं, हे ठरलं २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत.

तेव्हा फॉर्मवर 'नाव कमाल २० अक्षरं' असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा, कुठली अक्षरं? आणि चाचणीला एखादं जोडाक्षरवालं नाव जरूर घाला.