शीडकापड
शिडे शिवण्यासाठी वापरले जाणारे घट्ट विणीचे, कमी ताणले जाणारे कापड. पूर्वी यूरोपात ते फ्लॅक्स व हेंप या तंतूंचे असे. १८५१ मध्ये इंग्लंडमधील शर्यत जिंकणाऱ्या ‘अमेरिका’ या नौकेची शिडे मात्र सुती होती. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये विनफील्ड व डिक्सन यांनी शोधलेल्या पॉलिएस्टराचे कापड (पहा : पॉलिएस्टर) १९५० नंतर रूढ झाले. ते कुजत नाही. परंतु उन्हातील जंबुपार किरणांनी धागा व शिवण कमजोर होतात. ताणलेल्या जुन्या शिडाचा फुगवटा मागच्या कडेकडे सरकतो. त्यामुळे नौका अधिक कलते व वाऱ्याच्या रोखाने कमी चढते. लवचिक नायलॉन (पहा : नायलॉन) पाठवाऱ्याच्या शिडांना वापरतात. जवळजवळ न ताणले जाणारे थरांचे कापड झटक्याचा भार डोलकाठीवर (पहा : डोलकाठी) टाकते, म्हणून जुन्या नौकेची शिडे बदलताना सामान्यतः विणलेले पॉलिएस्टर निवडतात.