पी.पी. नंबरवरचं इंटरनेट

ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांना 'पी.पी. नंबर' नक्की आठवत असेल. घरी फोन नसे. नोकरीच्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर शेजाऱ्यांचा किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचं. तिथून आपल्याला बाहेर फोन करता येई. बाहेरून आलेला फोन मात्र शेजाऱ्याने हाक मारली तरच मिळे, आणि कोणाला हाक मारायची हे त्याला ठाऊक असावं लागे. मी नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. या पी.पी.शी निवृत्तीनंतर पुन्हा गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. ती पडली गेल्या दिवाळीत, पुतण्याच्या एक्सबॉक्समुळे.

त्याचा जिवलग मित्र वडिलांच्या बदलीमुळे पुण्याहून नागपूरला गेला. रविवारी रात्री दोघांनी एकत्र खेळायचं, खेळता खेळता गप्पा मारायच्या, असं ठरलेलं. पण जोडणीच होईना. "काका, सिनेमे दिसतात, आत्याचा व्हिडिओ कॉल लागतो. फक्त त्याच्याशीच जमत नाही," तो रडकुंडीला येऊन सांगत होता. पडद्यावर शब्द होते, 'एनएटी टाइप : स्ट्रिक्ट'. हे 'एनएटी' म्हणजे काय, ते मी शोधायला बसलो आणि थेट १९७७ सालात जाऊन पोहोचलो.

त्या साली व्हिंट सर्फ आणि त्यांचे सहकारी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी संगणकांची वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याचा प्रयोग करत होते. प्रत्येक यंत्राला पत्ता हवा. तो किती लांब असावा यावर बराच खल झाला आणि ३२ बिटांवर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. प्रयोगापुरते पुष्कळ झाले, असा तेव्हाचा हिशेब होता, हे सर्फ यांनीच पुढे अनेकदा सांगितलं आहे. पण १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे मूळ जाळं याच पद्धतीवर गेलं आणि हंगामी कामगार कायम व्हावा तसा तो प्रयोग कायम झाला.

दहा वर्षांत पत्ते संपण्याची भीती दिसू लागली. मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. त्यातली युक्ती म्हणजे आपला पी.पी. नंबर! घरातल्या यंत्रांनी आपापसांत खासगी पत्ते वापरायचे. बाहेर सगळ्यांचा मिळून एकच पत्ता, तो दारातल्या राउटरचा. आतल्या यंत्राने बाहेर काही मागितलं की राउटर वहीत नोंद करतो आणि उत्तर आलं की नोंद पाहून योग्य यंत्राकडे पोहोचवतो. पत्त्याची ही अदलाबदल म्हणजेच एनएटी. हा कायमचा उपाय नव्हे, कदाचित तात्पुरता म्हणूनही योग्य ठरणार नाही, असं लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. इतका प्रामाणिक इशारा इतक्या सर्रास दुर्लक्षिला गेल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. १९९६ मध्ये खासगी पत्त्यांचे गट पक्के झाले. म्हणूनच तुमच्या-माझ्या घरात १९२.१६८ ने सुरू होणारे तेच ते पत्ते सापडतात.

यात काही गमावलं, हे बहुतेकांना कळलंच नाही. कारण आपण इंटरनेटवर बहुधा मागणारे असतो. पान मागा, पान येतं. ज्याला बाहेरून कोणी न मागता हाक मारणार आहे, त्याचीच पंचाईत. आणि असा माणूस म्हणजे खेळगडी! सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये मोडेम होता. तो सरळ फोनच्या तारेवरून जोडला जाई, तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता. पण १५ नोव्हेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा सुरू केली, तीही फक्त ब्रॉडबँडवाल्यांसाठी. एकाच जोडणीवर संगणकही आणि खेळाचं यंत्रही, म्हणजे मध्ये राउटर आलाच. त्यातच कित्येक खेळांत खेळाडूंपैकी एकाचं यंत्र यजमान होई आणि बाकीच्यांनी त्याच्या घरी जायचं असे. राउटरच्या वहीत पाहुण्यांची नोंद नसली की दार बंद! मग घरांचे तीन प्रकार ठरले. 'ओपन' सर्वांशी बोलतं. 'मॉडरेट' ओपनशी आणि आपल्यासारख्याशी. 'स्ट्रिक्ट' फक्त ओपनशी. पुढे हजारो पोरांनी राउटरची पानं उघडून ३०७४ हा आकडा टाकला, तो यासाठी. 'या क्रमांकाच्या दारावर जो येईल त्याला माझ्या एक्सबॉक्सकडे पाठव,' एवढाच त्याचा अर्थ.

ही खटपट वाचावी म्हणून यूपीएनपी नावाची सोय आली. राउटरसाठीचे तिचे नियम २००१ मध्ये ठरले. यंत्रानेच राउटरला सांगायचं, दार उघड, राउटर उघडतो. विचारणारा कोण, हे मात्र तो विचारत नाही. जानेवारी २०१३ मध्ये संशोधकांना असं आढळलं की कोट्यवधी यंत्रं ही विनंती घराबाहेरूनही ऐकायला बसली आहेत. तेव्हा अमेरिकी सरकारने ती सोय बंद ठेवण्याचा सल्ला दिला. बंद दाराला अगदीच नावं ठेवू नयेत, हेही खरं. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' हा किडा विंडोजच्या संगणकांत शिरत सुटला, तेव्हा राउटरच्या आडोशाला असलेले बरेच संगणक त्याच्या हाती लागले नाहीत.

आता आमच्या घरचं. मी पुतण्याच्या यंत्राला घरातला एक पत्ता कायमचा नेमून दिला, ३०७४ टाकलं, राउटर बंद करून चालू केला. पडद्यावर पुन्हा 'स्ट्रिक्ट'. शेवटी राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला, तर तो १००.७२ ने सुरू होत होता. तिथे उलगडा झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले पत्त्यांचे शेवटचे गट वाटून झाले आणि एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवली गेली. म्हणजे आमचा राउटरच दुसऱ्या मोठ्या राउटरच्या मागे, अनेक बिऱ्हाडांबरोबर. पी.पी.चाही पी.पी.! आमचं दार उघडून उपयोग नव्हता. वाड्याचा दिंडी दरवाजा कंपनीकडे. त्यांना फोन केला, तर स्वतंत्र पत्त्याचे दरमहा वेगळे पैसे पडतील म्हणाले. पत्त्यांची ददात कायमची मिटवणारी आयपीव्ही६ ही पद्धत डिसेंबर १९९५ मध्येच लिहून झाली होती. तिच्यात ३४० वर ३६ शून्यं इतके पत्ते आहेत. आमच्या जोडणीवर ती अजून आलेली नाही.

मग मला तीन प्रकारांचा तो तक्ता आठवला. स्ट्रिक्टला ओपन चालतं. मित्राचं घर 'मॉडरेट' दाखवत होतं आणि त्यांच्या राउटरला स्वतःचा पत्ता होता. मी नागपूरला त्याच्या वडिलांना फोन लावला. राउटरचं पान कुठे, कुठला रकाना, हे सांगता सांगता पाऊण तास गेला. एक्स्चेंजमधली रात्रपाळी आठवली. ३०७४ टाकून त्यांनी राउटर चालू केला. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून पुतण्याचा आवाज आला, "अरे, ऐकू येतंय का?" आणि लगेच, "अरे, हळू बोल ना!"