झालेलं ११४-अ, राहिलेलं ११४-ब

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा मी जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी उघडून बसले होते. कोडमधले बदल तपासतो तसे. एक कलम शोधत होते. ते जुन्यात नव्हतं आणि नव्यातही नाही. त्याची शिफारस मात्र १९८५ मध्येच झालेली आहे.

पोलिसांनी कोठडीत मारलं तर कायदाच नाही, असं आपल्याला वाटतं. कायदा आहे, १८६० पासून. दंड संहितेचं कलम ३३० सांगायचं की कबुली काढण्यासाठी इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. ते समजावायला खाली दिलेल्या पहिल्याच उदाहरणातला गुन्हेगार पोलीस अधिकारी आहे. पाच वर्षं आधी, १८५५ मध्ये, मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला होता. म्हणजे कोठडीत काय चालतं, हे सरकारला तेव्हाच ठाऊक होतं.

मग अडतं कुठे? पुराव्यापाशी. कोठडीत साक्षीदार कोण? मारणारे, त्यांचे सहकारी आणि मार खाणारा. तो मेला असेल तर तोही नाही.

हे कोडं एकदा, एका गुन्ह्यापुरतं सुटलं, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 'मथुरा प्रकरण' ते हेच. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून तिची संमती धरली गेली. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पाठोपाठ देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं. पोलिसाने ताब्यातल्या स्त्रीशी संबंध ठेवल्याचं सिद्ध झालं आणि तिने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरायचं. संमती होती हे दाखवणं आता आरोपीचं काम.

दोनच वर्षांनी तोच प्रश्न मारहाणीबाबत आला. पोलिसाच्या लाचखोरीची तक्रार करणारा उत्तर प्रदेशातला एक शेतकरी पोलिसांच्या मारहाणीने मेला होता. त्या खटल्यात, १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं की कोठडीत काय घडलं हे फक्त पोलीसच सांगू शकतात, तेव्हा पुराव्याची जबाबदारी कोणावर, याचा कायदा बदला. त्याच वर्षी विधी आयोगाने ११३ व्या अहवालात ११४-ब सुचवलं : माणूस ताब्यात असताना जखमी झाला, तर ती इजा ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने केली असं न्यायालय गृहीत धरू शकेल.

अशाने प्रामाणिक पोलीस अडकतील, हा आक्षेप गंभीर आहे. पण इथे शब्द 'धरू शकेल' असा आहे. ताबा किती वेळ होता, डॉक्टर काय म्हणतात, हे बघायचंच आहे, आणि अधिकाऱ्याला ते गृहीतक खोडायची मुभा आहे. आमच्या कामात सर्व्हर पडला की ज्याच्याकडे लॉग असतात त्याला आधी विचारतात, काय झालं? तेवढ्याने तो दोषी ठरत नाही. पण 'मला माहीत नाही' म्हणून त्याला उठूनही जाता येत नाही.

विधी आयोगाने १९९४ मध्ये आणि २०१७ मध्ये ही शिफारस पुन्हा केली. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुमोदन अजून दिलेलं नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं.

११४-अ झालं आणि ११४-ब राहिलं, याचं कारण मला कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ११४-अच्या मागे रस्ता उभा होता. चोरीच्या संशयावरून उचललेल्या माणसासाठी सहसा कोणी रस्त्यावर येत नाही. 'काहीतरी केलं असेल म्हणूनच उचललं ना,' हे वाक्य मी घरी, ऑफिसात, कॉलेजच्या ग्रुपवर ऐकलं आहे. पूर्वी मीही म्हटलं आहे.

१९८३ मध्ये आपण ठरवलं की बंद दाराआडचं उत्तर दाराची किल्ली असणाऱ्याने द्यायचं. ११४-ब एवढंच मागतं, आणि तेही चोरीच्या संशयितासाठी.